लाँचवरची दिवाळी

दिवाळीत माझ्या भावाला "चार दिवस साताऱ्याला ये" म्हणणं आणि आषाढीत एसटीच्या ड्रायव्हरला रजा टाक म्हणणं सारखंच. दादाची लाँच, म्हणजे प्रवासी मोटारबोट, कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीच्या धक्क्याला असते. कोयनेचं धरण गणपतीच्या आगेमागे भरतं, दसऱ्यापर्यंत गढूळ पाणी निवळतं आणि वसुबारसेपासून जी गर्दी लागते ती तुळशीच्या लग्नापर्यंत हटत नाही. पुण्याचे ट्रेकर, मुंबईचे पर्यटक, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त सामान घेऊन येणारे आमच्याच पलीकडच्या गावांचे मुंबईकर. खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत आहे, आणि दिवाळीला ते सगळे एकदम पाण्याच्या काठावर येऊन उभे राहतात.

आमचं माहेर पलीकडच्या काठावर, पाण्यापासून तासाभराच्या चढावर. सीझनमध्ये दादा वर घरी जातच नाही, लाँचवरच झोपतो. पहिली फेरी उजाडताना असते, आणि डिझेल राखायचं असतं ते वेगळंच. त्यामुळे बाबा गेल्यापासून माझी भाऊबीज एक तर फोनवर, नाहीतर आठवडाभर उशिरा. या वेळी वहिनी म्हणाली, "ताई, ह्यांना वर आणायचा नाद सोडा. आपणच सगळी खाली जाऊ, लाँचवरच करू दिवाळी." ती गमतीनं बोलली होती. मी शाळेला सुट्टी लागल्याबरोबर डबे घासायला घेतले.

लाँच म्हणजे काश्मीरची हाउसबोट नव्हे, हे आधीच सांगते. दोन्ही कडांना फळ्यांची बाकं, वर पत्रा, बाजूला गुंडाळून ठेवलेली ताडपत्री, पुढे सुकाणूचं चाक, मागे लाकडी खोक्यात इंजिन. संडास नाही, मोरी नाही, दार नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, "झोपायचं कुठं?" दादा म्हणाला, "बाकावर. कूस बदलताना तेवढं बघून बदला."

तयारीत सगळ्यात जास्त डोकं लागलं ते फराळाला. पाण्यावर पहाटे धुकं इतकं उतरतं की ताडपत्रीवरून थेंब गळत राहतात, आणि त्या हवेत उघडी चकली दुपारपर्यंत सादळते. वहिनीची पद्धत अशी : एक मोठा डबा न्यायचाच नाही. चिवडा, शेव, चकली छोट्या छोट्या डब्यांत भरायची, एका वेळी एकच डबा उघडायचा, आणि प्रत्येकाच्या तळाला कच्च्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतात. कानवले आणि बेसनाचे लाडू टिकाऊ, त्यांची काळजी नाही. अनारसे मी हौसेनं नेले होते. ते टिकण्याचा प्रश्नच आला नाही, नानांनी पहिल्याच दिवशी संपवले.

नाना म्हणजे आमचे चुलते. सत्तरीला आलेत, तरी दादाच्या लाँचवर दोर टाकायला, फळी लावायला आणि लोकांना ओरडायला तेच असतात.

फटाक्यांवरून मात्र लेकीनं तोंड फुगवलं. निदान फुलबाज्या तरी, म्हणून ती दादाच्या मागे लागली. दादा एरवी भाचीला नाही म्हणत नाही. या वेळी म्हणाला, "डिझेलचे कॅन आणि फुलबाजी एका बोटीत न्हाय चालत." शिवाय समोरचा सगळा डोंगर अभयारण्याचा. १९८५ पासून कोयना अभयारण्य आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथल्या जनावरांना आपल्या लक्ष्मी बॉम्बशी काय देणं-घेणं?

यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून आम्ही बामणोलीत उतरलो तेव्हा फुलांचा सीझन संपला होता आणि पठार पिवळं पडलं होतं. खाली मात्र पाणी काठोकाठ. धक्क्यावर दहा-बारा लाँचा ओळीनं, नंबराप्रमाणे. इथं ज्याचा नंबर लागेल त्यानं निघायचं, मग गिऱ्हाईक वासोटा किल्ल्याचं असो, दत्तमंदिराचं असो की संगमापर्यंत चक्कर मारायची असो. दिवाळीचं वेळापत्रक पंचांगात असतं असा माझा समज होता. तो पहिल्याच दुपारी गेला. धनत्रयोदशीचा दिवा लावायला वहिनीनं कणीक मळली आणि नंबर पुकारला गेला. कणीक झाकून ठेवून आम्ही संगमाकडे निघालो. कोयना, सोळशी आणि कांदाटी जिथं भेटतात तिथं पर्यटकांचे फोटो होईपर्यंत वहिनीनं मागच्या बाकावर बसून कणकेचे दिवे वळून घेतले. यमदीपदानाचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावतात. लाँच दोराभोवती फिरत राहते, तेव्हा दक्षिण कुठली धरायची यावर नाना आणि आमच्या ह्यांची बराच वेळ चर्चा झाली. शेवटी दिवा काठावरच्या दगडावर ठेवला. दगड तरी फिरत नाही.

रात्र. अंधार पडला की इथं बोटी बंद. हलते ती फक्त कुणी आजारी असेल किंवा बाळंतीण अडली असेल तर. रस्ते आणि पुलांची कामं सुरू आहेत, काही वर्षांनी तीही गरज उरणार नाही, पण अजून आहे. दादानं लाँच पलीकडे आमच्या गावच्या उताराला नेऊन बांधली. बांधायचंही एक शास्त्र आहे. धरणाचं पाणी स्थिर दिसतं, पण असत नाही. ते रोज थोडं थोडं पश्चिमेकडे ओढलं जातं, बोगद्यातून पोफळीच्या वीजघरात आणि तिथून वाशिष्ठीत. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी असं कोकणात उतरतं. काठाला दोर ताणून बांधला आणि रात्रीत पाणी सरकलं तर सकाळी बोटीचं तोंड चिखलात रुतलेलं सापडतं. म्हणून दोर सैल, मागं नांगर, आणि झोपायच्या आधी एक काठी पाण्याच्या कडेला रोवून ठेवायची. सकाळी काठीपासून पाणी किती हटलं ते बघायचं. पोराला हे काम इतकं आवडलं की तो रात्रीतून उठून टॉर्च मारत होता.

झोप मला पहिल्या रात्री लागलीच नाही. घरात रात्री आवाज आला की आपण कान टवकारतो. इथं आवाज थांबला की जाग येते. लाकडावर पाण्याची चपचप सुरू असते, दोर कुरकुरतो, मधेच एखादा मासा उसळतो. थंडी खालून फळ्यांतून वर येते, हे साताऱ्यात राहून कळायचं नाही. गादीखाली घोंगडं घातल्यावर ती हटली. बायकांनी विचारायचा पण लाजून न विचारलेला प्रश्न : संडासचं काय? दिवसा बामणोलीत सोय आहे, तिथं थांबलो की उरकून घ्यायचं. रात्री गावच्या बाजूला बांधली असेल तर काठावरच्या पहिल्या घरी. त्या मावशींनी आठवडाभर आमच्यासाठी मागचं दार उघडं ठेवलं. वासोट्याच्या बाजूला दिवसभर थांबावं लागलं त्या दिवशी मात्र आम्ही तिघींनी सकाळपासून चहासुद्धा जपून प्यायला.

तो वासोट्याचा दिवस मला वाटलं होतं कंटाळवाणा जाईल. पावसाळ्यात बंद असलेला किल्ला दिवाळीच्या सुमाराला उघडतो, त्यामुळे ट्रेकरांचे थवे असतात. बामणोलीहून दीडेक तासात लाँच मेट इंदवलीला लागते. तिथं वनखात्याची चौकी, पिशव्यांची तपासणी, प्लास्टिकच्या बाटल्यांची नोंद. मंडळी वर गेली की लाँचवाल्यानं ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. आम्ही खाली उतरलो नाही. दादानं बाकावर ताणून दिली. पोरानं आदल्या दिवशी लोखंडी घमेल्यात माती भरून किल्ला केला होता. साताऱ्यातल्या पोरांना दिवाळीत किल्ला केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि लाँचवर अंगण कुठून आणणार? त्याचा बुरूज प्रत्येक लाटेला ढासळायचा, तो परत थापायचा. तेवढ्यात डोकं वर करून म्हणाला, "आई, खऱ्या वासोट्याला तर बुरूजच दिसत नाहीत इथून." खरंच, खालून नुसतं रान दिसतं. मग नानांनी त्याला ताई तेलिणीची गोष्ट सांगितली, पंतप्रतिनिधींसाठी हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांशी झुंजवणाऱ्या बाईची. ती त्यांनी इतकी रंगवून सांगितली की घमेल्यातल्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या शेजारी लगेच एक बाई उभी राहिली. तिच्यासाठी लेकीची बाहुली गेली. त्यावरून पुन्हा रडारड.

नरकचतुर्दशीच्या पहाटे धुकं एवढं होतं की लाँचच्या पुढच्या टोकाला उभे राहिलेले नाना मागून दिसत नव्हते. काठावर तीन दगडांची चूल मांडून पाणी तापवलं. उटणं लावून, कुडकुडत, ताडपत्रीच्या आडोशाला एकेकाच्या आंघोळी. पायाखाली कारीट फोडायचं तर ते आणायला विसरलो नव्हतो, पण ओल्या फळीवर पाय घसरेल म्हणून नानांनी सगळ्यांना कारीट दगडावर फोडायला लावलं. पहाटेची आंघोळ झाली तरी सूर्य उगवल्याचा पत्ता नाही. धुक्यात लाँच काढायची नाही हा नियम. दादा काठावर बसून इंजिनाच्या आवाजावरून पलीकडे कोण निघालंय ते ओळखत होता. "हा तापोळ्याकडचा. ह्याचा पंखा वाजतोय." मला सगळी इंजिनं सारखीच डुगडुगताना ऐकू येत होती.

धुकं फाटलं तसे आम्ही निघालो. मधल्या पाण्यात नानांनी दादाला इंजिन बंद करायला सांगितलं. बाकावर चार-पाच मुंबईकर बसलेले. त्यांना वाटलं काही बिघडलं. नानांनी डब्यातून एक कानवला काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. आमचं जुनं गावठाण तिथं खाली आहे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा नाना सहा-सात वर्षांचे होते. अर्धं गाव सोलापूर, सांगलीकडे पुनर्वसनात गेलं, अर्धं गुरं हाकत डोंगरावर चढलं. देऊळही वर नेलं. तरी नाना नैवेद्य जुन्या जागेलाच दाखवतात. लेक म्हणाली, "आजोबा, तो मासे खाणार." नाना म्हणाले, "खाऊ देत. तेबी आपल्याच गावचं."

नव्या मुंबईकरांपैकी एकाला हे ठाऊक नव्हतं. त्याचं गाव शेजारचंच. त्यानं वाकून पाण्यात बघितलं आणि मग खिशातून मोबाइल काढता काढता परत ठेवला.

लक्ष्मीपूजन लवकर आटपलं. दसऱ्याचा झेंडूचा हार इंजिनावर वाळून तसाच होता, तो काढून नवा घातला. पूजेला पावतीपुस्तक आणि पैशाचा पत्र्याचा डबा. पणत्या वाऱ्यानं टिकेनात, म्हणून त्या रिकाम्या तेलाच्या डब्यांत उतरवल्या, इंजिनापासून लांब, पुढच्या टोकाला. आकाशकंदील लाँचच्या बॅटरीवर लावला. अमावास्या, आजूबाजूला मिट्ट काळोख, आणि पलीकडच्या डोंगरावर एकेका वाडीचे चार-चार दिवे. कुठली वाडी कुठं आहे हे मला दिवसा कधी नीट सांगता आलं नव्हतं, त्या रात्री आलं.

पाडव्याला वहिनीनं काठावर शेणाचे पांडव घातले. बाकी तो दिवस पर्यटकांचा. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की लाइफ जॅकेट घालायला सांगितलं की शहरातला माणूस "मला पोहता येतं" म्हणतो. पोहता येणारे आमच्या गावातले लोक न सांगता घालतात.

खरी गर्दी भाऊबीजेची. मला हे माहेरची असून माहीत नव्हतं, कारण मी स्वतः लग्नानंतर त्या दिवशी कधी पाण्यावर नव्हते. या खोऱ्यातल्या लेकी बऱ्याचदा पलीकडच्याच काठाला दिलेल्या. सरळ रेषेत बघितलं तर माहेर समोर दिसतं, पण मधे पाणी. सकाळी सातपासून काठाकाठाला बायका उभ्या. पैठणी, काठापदराची साडी, केसात गजरा, आणि त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. एका हातात ताट फडक्यानं झाकलेलं, दुसऱ्या हातात चप्पल, कारण फळीवरून चढताना चप्पल घसरते. नाना प्रत्येकीला हात देत होते आणि प्रत्येकीला ओरडत होते. बसायला जागा संपली की दादा नाही म्हणायचा. एक आजी म्हणाल्या, "मी काय जड हाय व्हय रं?" दादानं हात जोडले. "आज्जे, तू न्हाय, तुझं पिशवीतलं नारळ जड हायत. पुढच्या फेरीला पहिली तूच." आणि खरंच पुढच्या फेरीला त्यांना पुढच्या बाकावर बसवलं.

एका गावच्या उताराला एक मुलगी ताट घेऊन उभी होती. तिचा भाऊ आमच्या लाँचमध्ये होता, पण त्याला दुपारची एसटी गाठून रात्री मुंबईत ड्युटीवर हजर व्हायचं होतं, उतरायला वेळ नव्हता. लाँच काठाला टेकली, इंजिन चालूच. ती फळीवर आली, तो आतून वाकला. निरांजन पहिल्याच वाऱ्यात विझलं. मागच्या कुणीतरी लायटर पुढे केला, ते दादानं बघितलं आणि असा ओरडला की लायटर परत खिशात गेला. मग तिनं विझलेल्याच निरांजनानं ओवाळलं. भावानं पाकीट दिलं, तिनं लाडवाचा डबा दिला, नानांनी फळी ओढली. सगळं मिळून एक सिगारेट ओढायला लागेल तेवढा वेळ. लाँच वळल्यावर तो पोरगा डब्याचं झाकण उघडून बघत होता आणि बाजूच्या अनोळखी बायका त्याला "खा, खा, आत्ताच खा, सादळंल" म्हणून सांगत होत्या.

माझी भाऊबीज दुपारी ठरली होती. नंबर लागला. मग चारला ठरली. तेव्हा एका जावयाची मोटारसायकल तराफ्यावर चढवताना अडकली आणि दादा मदतीला गेला. सूर्य डोंगराआड गेल्यावर शेवटची फेरी संपली, तो दोर बांधायला वाकला आणि मी म्हटलं आता बास. त्याच्या एका हातात दोर तसाच होता. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं. निरांजन इथंही टिकेना. वहिनीनं पोराच्या किल्ल्याचं घमेलं पालथं केलं, माती काठावर गेली, आणि रिकामं घमेलं वाऱ्याच्या अंगाला आडवं धरलं. ज्योत टिकली. पोरगा किल्ल्यासाठी ओरडत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ओवाळणीला दादाच्या खिशात काही नव्हतं, शर्टच डिझेलनं भिजलेला. त्यानं बाकाखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि दहा-वीसच्या नोटांचं रबर लावलेलं बंडल माझ्या ताटात टाकलं. मी मोजायला लागले तर म्हणाला, "मोजू नगंस. आजच्या तिकिटाचं हाय, काय आलं असंल ते तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बामणोलीला उतरताना नाना फळीशी हात पसरून उभे होते. पर्यटकांची तिकिटं घेता घेता त्यांनी तोच हात आमच्या ह्यांच्या पुढेही केला. ह्यांनी हसून माझ्याकडे बघितलं. मी ओवाळणीच्या बंडलातल्याच नोटा सोडवल्या आणि चौघांचे पैसे दिले. नानांनी ते नीट मोजून घेतले आणि लेकीचं अर्धं तिकीट परत केलं.